थंडी सरताना परसबाग : मे महिन्याच्या पाण्याचा आजच हिशेब

जानेवारी संपत आला की आमच्या राजूरच्या परिसरात दोन खुणा दिसू लागतात. शेवगा पांढरा फुलतो आणि कडुनिंबाची पाने पिवळी पडून अंगणभर गळू लागतात. बाहेरगावच्या माणसाला राजूर म्हटले की गणपतीचे मंदिर आणि चतुर्थीची गर्दी आठवते. आम्हा इथल्यांना मात्र या दिवसांत एकच गोष्ट आठवते, ती म्हणजे पुढचे चार महिने आणि त्यातले पाणी.

शाळेच्या पुस्तकात शिशिरानंतर वसंत येतो असे शिकवतात. इंग्लंड-अमेरिकेत वसंत म्हणजे बर्फ वितळून जमीन ओली होण्याचा काळ. तिथला माणूस थंडी सरताना बाग तयार करतो ती या ओलाव्याच्या भरवशावर. जालना जिल्ह्यात वसंत म्हणजे ऊन. फेब्रुवारीत पेरलेले बी जूनमध्ये मृग लागेपर्यंत माणसाच्या हातच्या पाण्यावर जगवायचे असते. म्हणून आपल्याकडे या दिवसांतले पहिले काम कुदळ उचलण्याचे नाही. पहिले काम कागद-पेन घेऊन बसण्याचे आहे.

हे मी शहाणपणाने सांगत नाही, ठेच लागल्यावर सांगतो. २०१३ च्या फेब्रुवारीत मी मोठ्या उत्साहाने सगळे परस खणून काढले. भेंडी, गवार, दोडके, दुधी, काकडी, जे बी मिळाले ते लावले. मार्चमध्ये परस इतके हिरवे झाले की येणारा-जाणारा थांबून पाही. माय मात्र ओट्यावरून म्हणाली, "माघात काय, कुणाचं बी हिरवं असतंय. वैशाखात दाखव." ते वर्ष कसे होते ते जालनेकरांना सांगायला नको. १९७२ नंतरचा सर्वांत वाईट दुष्काळ होता आणि आपला जिल्हा सर्वाधिक होरपळलेल्यांत होता. एप्रिल संपता संपता प्यायच्या पाण्यासाठी टँकरच्या रांगेत घागरी लागल्या. बोटाएवढे दोडके लागलेले वेल माझ्या डोळ्यांदेखत वाळले. बायकोने महिनाभर खांद्यावरून वाहिलेले पाणीही त्यांच्याबरोबर गेले. तिने बोलून दाखवले नाही, ते जास्त लागले.

मी हिशेब लिहिणारा माणूस. त्यानंतर दरवर्षी परसबागेचाही जमाखर्च मांडतो. वाचक बंधू-भगिनींनी आपापल्या घरचा आकडा घालून तो मांडून पाहावा.

जमेच्या बाजूला सांडपाणी. पाच माणसांचे घर, माणशी पंधरा लिटरची एक बादली आंघोळीला धरली तर पंचाहत्तर लिटर होतात. पण हा फेब्रुवारीचा आकडा. मे महिन्यात पाणी टंचाईचे असते, बादली अर्धी होते, थोडे न्हाणीतच मुरते. म्हणून चाळीस लिटरच धरायचे. खर्चाच्या बाजूला जमीन. एक चौरस मीटर जमिनीवर एक लिटर पाणी ओतले तर ते एक मिलिमीटर पावसाएवढे होते. फेब्रुवारीत वाढत्या भाजीला दिवसाला चार मिलिमीटर पुरतात, मे महिन्यात आठ तरी लागतात, हा माझा ठोकताळा आहे. म्हणजे तेच चाळीस लिटर फेब्रुवारीत दहा चौरस मीटर भिजवतात आणि मे महिन्यात फक्त पाच. पाच चौरस मीटर म्हणजे साधारण दहा फूट लांब आणि पाच फूट रुंद एवढा तुकडा. परस केवढेही मोठे असो, उन्हाळ्याची बाग तेवढीच. उरलेल्या जागेत कमी दिवसांच्या पालेभाज्या घेऊन एप्रिलच्या आत मोकळ्या कराव्यात.

गेल्या काही वर्षांत 'उमेद' अभियानाच्या बचत गटांमधून पोषण परसबागा झाल्या. काम चांगले आहे, त्यात वाद नाही. पण पावसाळ्यात लावलेली बाग निसर्ग सांभाळतो. तिची खरी परीक्षा आता सुरू होते आणि नेमक्या याच वेळी कुणी विचारायला येत नाही.

सांडपाण्यातही निवड हवी. आंघोळीचे आणि भाज्या-धान्य धुतल्याचे पाणी चालते. कपड्यांच्या पावडरीचे पहिले पाणी मात्र वाफ्यात सोडू नये. त्यातल्या सोड्याने आपली काळी जमीन चिकट आणि कडक होते, वरून पाणी साचते आणि खाली मुरत नाही. दुसऱ्यांदा खळबळलेले पाणी चालेल. आणि पाणी डबक्यात साठवून ठेवू नये, त्याच दिवशी झाडाला द्यावे. नाहीतर भाजीच्या आधी डास होतात.

आता बियाण्याचे. हिवाळी बागेत जे वाळत चालले आहे ते उपटून फेकण्याआधी एक फेरी मारावी. वालाच्या घेवड्याचा सर्वांत जोमदार वेल कोणता, मेथीचा आणि कोथिंबिरीचा कोणता वाफा उशिरा फुलला, हे पाहावे. जो उशिरा फुलतो तो जास्त दिवस पाला देतो, त्याचेच बी धरावे. वांगे बियाण्यासाठी ठेवायचे तर ते झाडावर पिवळे पडू द्यावे लागते. त्या वांग्याला रंगीत चिंधी बांधून ठेवावी, म्हणजे घरातले कुणी भाजीला तोडणार नाही. टोमॅटोचे बी गरासकट दोन दिवस आंबवून मग धुवावे, म्हणजे वरचा बुळबुळीतपणा जातो. सगळे बी खडखडीत वाळवून राख मिसळून बाटलीत भरावे आणि वर चिठ्ठी लावावी. चिठ्ठी लावण्याचा कंटाळा केला की पुढच्या वर्षी पालक समजून चुका पेरला जातो.

आपले जालना म्हणजे बियाण्यांचे शहर. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली येथे महिको कंपनी सुरू केली आणि त्यांना १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्यांच्या सुरुवातीच्या कामात पुसा सावनी या भेंडीच्या बियाण्याला मोठे स्थान होते. पुढे ही भेंडी हळद्या रोगाला, म्हणजे पाने पिवळी करणाऱ्या विषाणूला बळी पडू लागली. तेव्हा परभणीच्या कृषी विद्यापीठाने पुसा सावनीचा रानभेंडीशी संकर करून नवे वाण काढले. त्याचे नाव परभणी क्रांती. नाव आपल्या लोकांच्या तोंडी सहज बसावे असेच आहे! हे स्थिर झालेले सरळ वाण असल्यामुळे त्याचे बी घरी धरता येते. दुकानात पाकिटावर 'संकरित' किंवा 'एफ-वन' लिहिलेले असेल तर ते बी एका हंगामाचे. पीक भरपूर येईल, पण त्याचे बी पुढच्या वर्षी तसे निघणार नाही आणि पुन्हा पाकीट विकत घ्यावे लागेल. घेण्याआधी दुकानदाराला विचारावे. मी तर पाकीट उलटेसुलटे करून तारीखही वाचतो, त्याला दुकानदार कंटाळला तरी चालेल.

जमीन तयार करताना घाई नको. वाफा वीतभर खणून आठ दिवस उन्हात तापू द्यावा. मग चौरस मीटरला एक घमेले शेणखत घालावे, मात्र ते पूर्ण कुजलेले, हाताला मातीसारखे लागणारे आणि वास नसलेले असावे. ताजे शेण घातले की हुमणी आणि वाळवी येते. जवळपास तलावाचा गाळ कुणी वाहत असेल तर दोन घमेली मागून आणावा, मुरमाड परसाला तो फार उपयोगी पडतो.

पेरणी कधी करावी, यासाठी मुहूर्त विचारणारे आजही भेटतात. बियाला तिथी कळत नाही, त्याला ऊब कळते. पहाटेची थंडी हाडाला लागेनाशी झाली की भेंडी, गवार आणि वेलभाज्या पेराव्यात. आपल्याकडे ही वेळ २६ जानेवारी ते ७ फेब्रुवारीच्या आसपास येते, म्हणजे झेंडावंदन झाल्यापासून रमाई जयंतीपर्यंत. थंडी लांबली तर आठवडाभर थांबावे. गार जमिनीत टाकलेले बी उगवण्याऐवजी कुजते. भेंडीचे बी रात्रभर आणि कारल्याचे टणक बी दिवस-रात्र पाण्यात भिजवून पेरावे. या बेताने पेरलेली भेंडी मार्चअखेर तोडायला येते आणि १४ एप्रिलला घरी पाहुणे आले की दुधीही वेलावर असतो.

बाबासाहेबांनाही बागेची मोठी आवड होती. दिल्लीच्या त्यांच्या बंगल्यातील बागेकडे ते स्वतः लक्ष देत, असे त्यांच्या सहवासातील लोकांनी लिहून ठेवले आहे. एवढ्या कामाच्या माणसाला वेळ मिळत होता, तर सकाळी पंधरा मिनिटे आपल्यालाही मिळावीत.

वेलांसाठी मडक्याची युक्ती मी सर्वांत वर ठेवतो. मातीचे मडके गळ्यापर्यंत जमिनीत पुरायचे, भोवती वीतभर अंतरावर तीन-चार बिया लावायच्या, मडके भरून वर झाकण ठेवायचे. पाणी मडक्यातून झिरपत मुळांपाशी जाते, वर उन्हात उडून जात नाही. चीनमधल्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेतीच्या ग्रंथातही ही पद्धत दिलेली आहे. घरातले जुने मडके वापरायचे असेल तर ते आधी विटेच्या तुकड्याने बाहेरून घासावे. वर्षभर वापरलेल्या मडक्याची छिद्रे बुजलेली असतात, म्हणून तर त्यात पाणी गार होत नाही. मडक्यावर रंग दिलेला नसावा.

मांडवाला तुरीच्या तुराट्या उत्तम. या दिवसांत शेतमालकाकडे मागितल्या तर पेंढी सहज मिळते. कापसाच्या पऱ्हाट्या मात्र घराजवळ रचू नयेत, त्यांत गुलाबी बोंडअळी दडून राहते आणि पुढच्या हंगामात शेजारच्या कापसावर जाते. मांडव वाफ्याच्या पश्चिमेला घालावा. दुपारनंतरच्या उन्हात त्याची सावली पालेभाजीवर पडते. कडुनिंबाचा गळलेला पाला झाडून जाळण्याची आपली सवय आहे, ती सोडावी. तोच पाला आणि सोयाबीनचे भुसकट वेलांच्या बुडाशी चार बोटे जाड पसरले की मातीतली ओल टिकते.

थंडी सरताना वालावर काळा मावा बसतो. आधी जोरात पाणी मारून पाहावे, नाही गेला तर निंबोळीचा अर्क. पन्नास ग्रॅम निंबोळ्यांचा गर कुटून रात्रभर लिटरभर पाण्यात भिजवायचा, गाळून सायंकाळी फवारायचा. भेंडीचे एखादे झाड पिवळे पडले तर त्यावर औषध नाही. ते लगेच उपटून टाकावे, नाहीतर पांढरी माशी रोग दुसऱ्या झाडावर नेते.

हे सगळे कशासाठी? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. आपल्या वस्तीतल्या लेकी-सुना त्यात आहेत हे सांगायला पाहणीची गरज नाही, दवाखान्याच्या रांगेत ते दिसते. पावसाळ्यात मजुरीला गेलेली बाई बांधावरचा तांदुळजा, घोळ ओच्यात घालून आणते. उन्हाळ्यात बांधही मोकळे आणि मजुरीही कमी. बाजारात भाजी महाग होते तेव्हा ताटात पहिली कात्री बाईच्या वाटणीला लागते. म्हणून त्या पाच चौरस मीटरमध्ये एक पट्टा तांदुळजा, अंबाडी आणि चवळीच्या पाल्याचा ठेवाच, त्यांना ऊन मानवते. शेवग्याचा पालाही वाया घालवू नये. पालेभाजीतले लोह अंगी लागायचे तर वर लिंबू पिळावे आणि जेवणाला लागून चहा घेऊ नये. दवाखान्यातून लोहाच्या गोळ्या दिल्या असतील तर त्या चालूच ठेवाव्यात. भाजी त्यांच्या जोडीला आहे, त्यांच्या जागी नाही.

शेवटी एक तक्रार, जी मला दर एप्रिलमध्ये ऐकावी लागते. "भाऊ, वेलाला फुलंच फुलं येतात, पण फळ धरत नाही." वेलाला आधी नरफुले येतात, ती गळणारच. मादीफुलाच्या मागे इवलेसे फळ असते, त्यावरून ते ओळखावे. कडक उन्हात मधमाश्या कमी फिरतात, मग हे काम आपल्याला करावे लागते. नरफूल तोडून पाकळ्या काढायच्या आणि त्यातला पराग मादीफुलाच्या मध्यभागी अलगद लावायचा. कारले, काकडी आणि लाल भोपळ्याचे फूल सकाळी उमलते. दुधी आणि दोडक्याचे दिवस मावळताना उमलते. आमच्या घरी हे काम धाकट्या मुलीकडे आहे. अभ्यासाला बसण्याआधी ती बॅटरी घेऊन मांडवाखाली जाते आणि किती फुले झाली तो आकडा मला येऊन सांगते. मी तो वहीत लिहितो.