भेग बुजण्याची मुदत

भाद्रपद शुद्ध चतुर्थीला बारामतीच्या पेठेत एका घरातून उकडीच्या मोदकांचा वास येतो आणि भिंतीला भिंत लागून असलेल्या दुसऱ्या घरात स्वयंपाकाला शेगडी पेटलेलीच नसते. ते घर श्वेतांबर जैनांचं. आज त्यांची संवत्सरी, 8 दिवसांच्या पर्युषणाचा शेवटचा दिवस. उपवास म्हटल्यावर आपल्याला साबुदाण्याची खिचडी आठवते. तिचा इथं संबंध नाही. उकळून गार केलेलं पाणी, तेही सूर्यास्तापर्यंतच. काहीजण तेवढंही घेत नाहीत. बाहेर ढोल-ताशा चालू, आत प्रतिक्रमण, म्हणजे झाल्या चुकांची कबुली.

एकाच दिवशी एवढे उलटे दोन सण आले कसे? मुळात संवत्सरी चतुर्थीला नव्हतीच. ती पंचमीला होती, आणि एक दिवस अलीकडे सरकली ती आपल्या पैठणात. जैन परंपरा सांगते की कालकाचार्य नावाचे जैन आचार्य प्रतिष्ठाननगरीत, म्हणजे पैठणला, चातुर्मासासाठी राहिले होते. सातवाहन राजानं त्यांना विनंती केली : पंचमीला नगरात इंद्राचा उत्सव असतो, मला येता येणार नाही, तेव्हा पर्व षष्ठीला धरा. आचार्यांनी साफ नकार दिला. मग चतुर्थीला? त्याला मात्र ते लगेच तयार झाले. श्वेतांबरांतले स्थानकवासी आजही पंचमीच धरतात. मूर्तिपूजकांनी चतुर्थी ठेवली.

पुढं एक दिवसही नाही, मागं मात्र चालेल, हा काय न्याय? उत्तर कल्पसूत्र या जैन ग्रंथात आहे. पावसाळ्याचा एक महिना आणि वीस रात्री सरल्यावर महावीरांनी पर्युषण केलं. त्याआधी केलं तर चालतं, त्यानंतर नाही, असं ते सांगतं. आता बोटं मोजा. आषाढी पौर्णिमेपासून आषाढी अमावास्येपर्यंत 15 तिथी, श्रावणी पौर्णिमेला 30, पोळ्याच्या अमावास्येला 45, आणि ऋषिपंचमीला बरोबर 50. तिथून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत उरतात 70. (अधिक महिना आला, की हा हिशेब पंचांगकर्त्यांवर सोडावा.) ही सणाची तारीख कमी आणि मुदत जास्त आहे. मी पहिल्यांदा हे मोजलं तेव्हा कॅलेंडरकडे बघतच राहिलो.

मुदत पावसामुळं. एरवी पायी हिंडणारे जैन साधू-साध्वी चार महिने एका गावी थांबतात, कारण ओल्या जमिनीवर पाऊल टाकायला जागाच नसते : वाणी, गोगलगायी, गांडुळं, पंख फुटलेल्या मुंग्या. जुन्या जैन घरांत आडाचं पाणी फडक्यातून गाळत आणि फडकं त्याच आडात हलकेच झटकत; जो जीव ज्या पाण्यातला, तो त्याच पाण्यात परत. पर्युषण या शब्दाचा मूळ अर्थही एका जागी नीट स्थिर राहणं असाच. बारामती-इंदापूर पर्जन्यछायेतलं, इथं भरवशाचा पाऊस पुष्कळदा भाद्रपदातच येतो.

त्याच पावसानं आणखी एक गोष्ट समजते. श्वेतांबर ग्रंथांनी रागाला मुदतीप्रमाणं चार प्रती लावल्या आहेत. पंधरा दिवसांत निवळणारा राग म्हणजे पाण्यावरची रेघ. चार महिने टिकणारा, वाळूवरची रेघ. वर्षभर टिकणारा, जमिनीला पडलेली भेग. आणि जन्मभर न जाणारा म्हणजे दगडाला गेलेला तडा. प्रतिक्रमणंही त्याच मापाची आहेत : पंधरवड्याचं, चौमाशी आणि वर्षाचं. इंदापूरच्या काळ्या रानात उन्हाळ्यात पाऊल अडकेल एवढी भेग पडते. चांगला पाऊस झाला की तीच जागा शोधून सापडत नाही. संवत्सरी ही त्या तिसऱ्या रागाची शेवटची तारीख. ती ओलांडली, की मामला दगडात गेला.

चतुर्थीला हे संपतं तोवर पंचमीला जैनांच्या दुसऱ्या पंथाचं, दिगंबरांचं, दशलक्षण पर्व सुरू होतं. क्षमा, मार्दव, आर्जव अशी धर्माची 10 लक्षणं, दिवसाला एक. प्रवचनात तत्त्वार्थसूत्राचा रोज एक अध्याय, तेही 10. शेवटचा दिवस अनंत चतुर्दशी, म्हणजे गणपती उठतात तोच. त्यानंतर क्षमावाणी, एकमेकांची क्षमा मागण्याचा दिवस. क्षमा का मागायची, याचा धागा गावातच सापडतो. बारामतीच्या तुळजाराम चतुरचंद महाविद्यालयाच्या संस्थेचं नाव अनेकान्त एज्युकेशन सोसायटी आहे. वस्तूला अनेक बाजू असतात, हा त्या शब्दामागचा जैन विचार. रागावलेल्या माणसाला नेमकी एकच दिसत असते.

संवत्सरीला एकमेकांना म्हणतात ‘मिच्छामि दुक्कडम्’ : माझ्या हातून घडलेलं वाईट फोल ठरो. हल्ली हे व्हॉट्सॲपवर दोनशे जणांना एकदम जातं. ज्याच्याशी खरोखर बोलणं बंद आहे तो बहुधा त्या यादीत नसतो, ही माझी तक्रार. तरी यंदा जैन शेजाऱ्याकडून तो निरोप आला, तर ‘अहो, तुमचं कुठं काय चुकलं!’ म्हणून वाटेला लावू नका. माफ केलं म्हणा, आणि आपलीही मागून घ्या. मुदत दोघांनाही सारखीच आहे.