नाशिकची पडद्यावरची साक्ष

1914 साल. ‘राजा हरिश्चंद्र’, ‘मोहिनी भस्मासुर’ आणि ‘सत्यवान सावित्री’ हे आपले तीन चित्रपट घेऊन दादासाहेब फाळके लंडनला गेले. तिथल्या जाणकारांनी ते वाखाणले, विलायतेतच राहून काम करण्याचे आमंत्रणही दिले. ते नाकारून दादासाहेब मायदेशी, नाशिकच्या आपल्या कारखान्याकडे वळले. त्याच वर्षी युरोपात महायुद्ध पेटले आणि त्याची झळ गोदाकाठापर्यंत पोहोचली. कच्ची फिल्म परदेशातून यायची, ती मिळेना. भांडवलदारांनी हात आखडता घेतला. कर्जाचा डोंगर वाढत गेला.

दादासाहेबांनी वर्तमानपत्रांतून कर्जासाठी आवाहने केली, व्याख्याने दिली. लोकांनी माना डोलावल्या, पण पैसा तुटपुंजाच जमला. चित्रपट हा भरवशाचा धंदा आहे, हे नुसत्या शब्दांनी कुणाला पटेना.

असाच पेच 1912 मध्येही पडला होता. तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, ठरावीक अंतराने त्याची एकेक चौकट टिपली आणि मातीतून वर येणारे रोप मिनिटाभरात पडद्यावर वाढवून दाखवले. तो चमत्कार पाहिल्यावरच पहिल्या चित्रपटासाठी पैसा उभा राहिला. जे सांगून पटत नाही ते डोळ्यांना दाखवावे, हा धडा त्या इवल्या रोपाने दिला होता.

आता दादासाहेबांनी कॅमेऱ्यासमोर खुद्द आपला धंदाच उभा केला. ‘चित्रपट कसे तयार करतात’ या लघुपटात नटांना शिकवणारे, चित्रण करणारे आणि फिल्म डोळ्यांसमोर धरून ती जुळवणारे दादासाहेब प्रेक्षकांना दिसले. एरवी कारागीर जे गुपित राखतो, तेच त्यांनी उघडे केले. आपले चित्रपट घेऊन ते संस्थानेही पालथी घालू लागले. पुष्कळ मनधरणीनंतर औंध संस्थानाने 1000 रुपये कर्जाऊ दिले.

त्या आधारावर कारखाना पुन्हा हलला आणि 1917 मध्ये ‘लंकादहन’ झळकला. राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच नटाने केल्या होत्या. चित्रपटगृहांबाहेर झुंबड उडाली. पाठ फिरवलेले भांडवलदार स्वतःहून दारी आले आणि 1918 मध्ये नाशिकला हिंदुस्थान फिल्म कंपनी स्थापन झाली.

त्या लघुपटाचा काही भाग आजही जपलेला आहे. नाशिकच्या प्रत्येक शाळेत तो एकदा तरी दाखवला जावा. आपल्या मातीतला एक माणूस खिसा रिकामा असताना केवळ आपले कष्ट दाखवून विश्वास कसा मिळवतो, हे मुलांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले पाहिजे.