कॅराव्हॅन कर्जतला ठेवा, मुंबई लोकलने बघा

राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं, तरी अशी गाडी थेट मुंबईत आणू नका, असं मी पार्लेकर म्हणून सांगेन. पार्ल्याच्या गल्ल्यांत साधी मोटार लावताना नाकी नऊ येतात. चाकांवरचं घर कुठे उभं करणार? त्यापेक्षा कर्जतजवळ रीतसर परवानगीने मुक्काम करा. तिथून सुटणारी लोकल तुम्हाला सीएसएमटीत, म्हणजे २००४ पासून जागतिक वारसा असलेल्या वास्तूतच उतरवते. दोन तास जातात, हे खरं. पण लोकल कर्जतहूनच सुटत असल्याने ऑफिसची वेळ टाळली की बसायला मिळतं. शिवाय ओव्हल मैदानाभोवतीच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारती (यांना वारसा दर्जा २०१८ चा) पायीच बघायच्या असतात. घारापुरीला तर लाँचशिवाय गत्यंतर नाही. फक्त सोमवार टाळा, लेणी बंद असतात.