विमान वाट सोडतं तेव्हा

रात्री अंगणात बसलं की वर्ध्यावरून लुकलुकत जाणारी विमानं आपण बघतो. आभाळ मोकळं दिसलं तरी त्यांची वाट ठरलेली असते. उडण्याआधीच वैमानिकाला सांगतात, किती उंच जायचं, कुठे वळायचं. त्याच आभाळातून दुसरी विमानं उतरत असतात. मग एखादं विमान उडाल्याबरोबर वाट का सोडतं?

१ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचं ‘सम्राट अशोक’ हे जम्बो विमान मुंबईहून दुबईला निघालं. किनारा ओलांडून ते ठरल्याप्रमाणे उजवीकडे वळलं आणि सरळ झालं. पण विमान किती कललंय हे दाखवणारी कॅप्टनसमोरची तबकडी उजवीकडेच अडकून राहिली. बाहेर काळोख, खाली काळाच समुद्र. कॅप्टनने तबकडी खरी मानली आणि विमान सावरायला डावीकडे झुकवत नेलं. सरळ असलेलं विमान आडवं झालं आणि वांद्र्यासमोरच्या समुद्रात कोसळलं. धावपट्टी सोडून दोन मिनिटंही झाली नव्हती. २१३ माणसं गेली.

इतक्या अनुभवी माणसाच्या अंगाला हे कळलं कसं नाही? फुगडी आठवा. आपल्या कानाच्या आत बारीक नळ्या असतात, त्यांत पाण्यासारखा द्रव असतो. फुगडी थांबली तरी तो फिरतच राहतो, म्हणून घर गरगरतं. उलट, वळण सावकाश असलं तर तो पुरेसा हलतच नाही, आणि आपण कललोय हे अंगाला कळत नाही. एरवी डोळे ही चूक सावरतात. सेवाग्राम स्टेशनात शेजारची गाडी हलली की आपलीच निघाली असं वाटतं, पण फलाटाकडे पाहिलं की कळतं. त्या रात्री बघायला फलाट नव्हता.

विमानात तशा आणखी दोन तबकड्या होत्या. त्यातली एक बरोबर दाखवत होती, आणि मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरने तिकडे लक्षही वेधलं. आम्हाला सगळ्यात चटका लावते ती हीच गोष्ट. त्याचं ऐकायला हाताशी मोजके सेकंद होते.

शंका आली की अंगाला काय वाटतं ते सोडायचं, तिन्ही तबकड्या ताडायच्या आणि ज्या दोन जुळतात त्या धरायच्या, हे वैमानिकांच्या शिक्षणात येतं. शिकाऊ वैमानिकाच्या डोळ्यांवर तर बाहेरचं दिसू नये अशी झापड लावतात, शेजारी शिक्षक बसतो, आणि नुसत्या तबकड्यांवर विमान चालवायला लावतात.