वार्धक्य, स्मृती आणि ओळखीची वाट

वसई तालुक्यातील उमेळ्यासारख्या गावात विहीर, वाडीचे कुंपण, एखादे जुने झाड याच वाटेच्या खुणा असत. २००९ मध्ये वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली. परिसराचे रूप पालटत गेले. खुणा पुसल्या गेल्या की सर्वाधिक अडचण वृद्धांची होते. त्यास शास्त्रीय कारण आहे.

मेंदूतील हिप्पोकॅम्पस हा भाग नव्या आठवणी घडवितो व परिसराचा जणू नकाशाच रेखाटतो. स्थानाची जाणीव राखणाऱ्या त्यातील पेशींचा शोध जॉन ओकीफ यांनी १९७१ मध्ये मांडला. त्याबद्दल २०१४ चे नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळाले. वयोमानानुसार हा भाग काहीसा आक्रसतो. म्हणूनच सवयीची वाट वृद्धांच्या अंगवळणी राहते. नवी वाट मात्र चटकन ध्यानात राहत नाही.

इतपत विस्मरण स्वाभाविक होय. परंतु नित्याच्या वाटेवरही वारंवार चुकणे हे अल्झायमर रोगाचे आरंभीचे लक्षण असू शकते. अशा वेळी ‘वय झाले’ म्हणून दुर्लक्ष न करता डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. खिशात नाव-पत्त्याची चिठ्ठी असावी. नव्या वाटेने घरच्यांनी चार वेळा सोबत चालावे. ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या राष्ट्रीय हेल्पलाइनवरही मार्गदर्शन मिळते.