तिरामिसू : सहा जिन्नस आणि दादींचा प्रश्न

गेल्या वर्षी एका नातेवाइकांच्या वलीम्यात जेवणानंतर काचेच्या लहान वाट्यांतून एक गोड पदार्थ वाढला गेला. खाली कॉफीत भिजलेले बिस्किट, त्यावर सायीसारखा मऊ थर आणि वर कोकोची पूड. मुलांनी दोन-दोन वाट्या संपवल्या. निघताना आम्ही वाढणाऱ्या मुलाला सहज विचारले, ‘कॉफीत आणखी काय घालता?’ तो सहजच म्हणाला, ‘थोडीशी रम, मॅडम.’ यजमानांना याची काहीच कल्पना नव्हती. केटररने नेहमीच्या पद्धतीने पदार्थ केला होता आणि त्याला कोणी विचारलेही नव्हते.

घरी आल्यावर सगळेच गप्प होते. दादी म्हणाल्या, ‘नकळत झालं, तौबा करा. यापुढे आधी विचारा, मग खा.’ कॉलेजात जाणारी मुलगी मात्र हिरमुसली. ‘मग दादी, तिरामिसू आपल्यासाठी नाहीच का?’ दादींनी तिलाच कामाला लावले, ‘मुळात त्यात काय असतं, ते आधी शोधून काढ.’

शोधल्यावर जे हाती आले, त्याने आम्हीही चकित झालो. तिरामिसू हा काही फार जुना पदार्थ नाही. उत्तर इटलीतील त्रेविझो शहरात ‘ले बेक्केरिए’ नावाचे रेस्टॉरंट होते. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या मालकीणबाई आल्बा काम्पेओल आणि आचारी रोबेर्तो लिंगुआनोत्तो यांनी हा पदार्थ तयार केला, असे सहसा मानले जाते. शेजारचा फ्रिउली प्रांतही त्यावर हक्क सांगतो. नावाचा अर्थ ‘मला वर उचल’, म्हणजे थकल्या जिवाला तरतरी देणारा. ले बेक्केरिएच्या पाककृतीत जिन्नस सहाच : मास्कारपोने चीज, अंड्याचा बलक, साखर, कॉफी, लांबट बिस्किटे आणि कोको. मद्य नाही! मुले आणि वृद्धही खाणार म्हणून ते घातले जात नव्हते, असे सांगतात. मार्साला वाइन आणि रम नंतर इतरांनी घातली. म्हणजे मद्य वगळले की पदार्थाचे काही कमी होत नाही, उलट तो मूळ रूपाच्या जवळ जातो.

आता एकेक जिन्नस पाहू.

मास्कारपोने : परदेशी डबा महाग आणि लहान गावात मिळतही नाही. पण श्रीखंडासाठी चक्का बांधणाऱ्या घराला हे चीज अवघड नाही. अर्धा लिटर दुधाचे क्रीम मंद आचेवर, न उकळू देता, सुमारे ८५ अंशांपर्यंत तापवावे. त्यात एक मोठा चमचा लिंबाचा रस घालून पाच मिनिटे हलवावे. चमच्याच्या पाठीला जाडसर थर बसला की उतरवावे. थंड झाल्यावर मलमलच्या कापडात बांधून रात्रभर फ्रिजमध्ये निथळत ठेवावे. या चीजला रेनेट लागत नाही, त्यामुळे ते कोणत्या प्राण्याचे हा प्रश्नच उरत नाही. क्रीम घेताना मात्र जपा. केकवाल्यांकडचे बरेचसे ‘व्हिपिंग क्रीम’ वनस्पती तेलाचे असते, त्याचे चीज होत नाही. ३५ टक्के स्निग्धांशाचे डेअरी क्रीम उत्तम. २५ टक्क्यांच्या साध्या फ्रेश क्रीमनेही जमते, पण चीज थोडे कमी निघते आणि निथळायला वेळ लागतो.

बिस्किटे : इटलीत यांना सावोयार्दी म्हणतात. आयात पाकीट घेतल्यास त्यातील फ्लेवर वाचून घ्या. घरी करायची तर तीन अंडी, ७५ ग्रॅम साखर आणि ७५ ग्रॅम मैदा पुरतो. पांढरे आणि बलक वेगवेगळे फेटून हलक्या हाताने एकत्र करावे, बोटभर लांबीच्या पट्ट्या घालून १८० अंशांवर १२ ते १५ मिनिटे भाजावे. तेवढा वेळ नसेल तर ओळखीच्या बेकरीतले केक रस्क चालतात. त्यात कोणता इसेन्स आणि कोणती चरबी आहे, एवढे विचारावे.

बलक : कच्चे अंडे लहान मुले, वृद्ध आणि गरोदर भगिनींना देऊ नये. तीन बलक, ७५ ग्रॅम साखर आणि दोन चमचे कॉफी एका भांड्यात घेऊन उकळत्या पाण्याच्या वाफेवर सतत फेटा. मिश्रण ७१ अंशांपर्यंत तापून घट्ट आणि फिकट झाले की उतरवा. गार झाल्यावर त्यात २५० ग्रॅम मास्कारपोने मिसळा.

कॉफी आणि कोको : ३०० मिलिलिटर कडक, बिनदुधाची कॉफी थंड करून घ्या. कोको बिनसाखरेचा असावा. व्हॅनिलाची गरजच नाही. व्हॅनिला एक्स्ट्रॅक्ट सहसा अल्कोहोलमध्ये काढलेला असतो, म्हणून तो टाळलेलाच बरा.

बिस्किट कॉफीत एक-दोन सेकंदच बुडवायचे, नाहीतर लगदा होतो. बिस्किटांचा थर, क्रीमचा थर, पुन्हा तेच. सहा तास फ्रिजमध्ये ठेवून वाढताना कोको भुरभुरावा. सहा माणसांना पुरते.

दोन गैरसमज आपल्या घरांत नेहमी ऐकू येतात. पहिला, ‘शिजवल्यावर दारू उडून जाते.’ अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यानुसार मद्य घालून पदार्थ १५ मिनिटे शिजवला तरी सुमारे ४० टक्के अल्कोहोल उरते आणि अडीच तासांनंतरही ५ टक्के. तिरामिसू तर शिजवलाच जात नाही. दुसरा, ‘हिरवी खूण आहे म्हणजे चालेल.’ ती खूण मांस, मासे आणि अंडी नाहीत एवढेच सांगते. मद्याबद्दल ती काहीच बोलत नाही, त्यामुळे मागची बारीक अक्षरे वाचावीच लागतात.

पन्नाकोत्ता या दुसऱ्या इटालियन गोडात अडचण जिलेटिनची असते. ते डुकराच्या किंवा गुरांच्या कातडी-हाडांपासून बनते. त्याला पर्याय आपल्या रमजानच्या शिध्यातच आहे : समुद्री शेवाळापासून बनणारा चायना ग्रास. तो आधी पाण्यात पूर्ण विरघळवून मग क्रीममध्ये घाला. जिलेटिनपेक्षा थोडा कडक जमतो, म्हणून बेताने वापरा.

कुरआनच्या सूरह अल-बकराच्या १६८व्या आयतीत हलालबरोबर तय्यब, म्हणजे शुद्ध आणि चांगले, खाण्यास सांगितले आहे. ते शोधण्याची जबाबदारी आपली. केटररला आगाऊ रक्कम देतानाच जिन्नसांची यादी मागितली, तर त्यात संकोच कसला?

या ईदला शीरखुर्म्यानंतर आमच्या घरी तिरामिसू आला. दादींनी चमचा हातात घेतला आणि नातीकडे पाहिले. तिने सहाही जिन्नस घडाघडा सांगितले. दादींनी ‘बिस्मिल्लाह’ म्हणून घास घेतला, थोडा वेळ चव घेतली आणि म्हणाल्या, ‘कडू आहे गं, पण छान आहे. पुढच्या वेळी इलायची घालून बघ.’