गळती ३७० टक्के म्हणजे नेमकं काय?

फोर्डच्या कारखान्यात १९१३ साली कामगारांची गळती ३७० टक्के होती. शंभराच्या वर कशी? सूत्र बघा: वर्षात सोडून गेलेले भागिले सरासरी कामगार. एकाच जागेवरून वर्षात चार-पाच जण गेले की आकडा असा फुगतो. मुरलेला कारागीर गेला की कालचा नवशिका, हे मात्र त्यातून कळतच नाही!

जानेवारी १९१४ मध्ये फोर्डने दिवसाची मजुरी पाच डॉलरपर्यंत नेली, गळती झपाट्याने घटली. पण तेव्हा अमेरिकेत मंदीही होती. दुसरं काम मिळणं अवघड. सगळं श्रेय पगाराला द्यायची घाई नको. तुमच्या प्रबंधासाठी एचआरकडे नुसती टक्केवारी मागू नका. कोण गेलं, कितव्या महिन्यात, स्वतःहून की काढलं, हे रकाने वेगळे मागा.